'होऊन जाईल'चा व्हिसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मराठीत एक फार सोयीचं क्रियापद आहे : 'होऊन जाईल'. दाखला मिळेल का? होऊन जाईल. पगार वेळेवर मिळेल का? होऊन जाईल. या क्रियापदात काम आहे, पण ते करणारा माणूस नाही. ते कधी होणार, हेही नाही. हाती काही नसताना दुसऱ्याला दिलासा द्यायचा असेल, तर याच्यासारखा शब्द नाही. घरगुती व्यवहारात तो खपून जातो. परदेशातल्या नोकरीत मात्र तो फार महाग पडतो.

मला आज बोलायचं आहे ते परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीविषयी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत थायलंड, चीन, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया अशा देशांत इंग्रजी शिकवणाऱ्यांना चांगली मागणी आली. पूर्वी या कामासाठी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातले तरुण जात. पदवी पदरात पडली की वर्षभर शिकवायचं आणि थोडं जग बघायचं, असा त्यांचा बेत असे. पुढे फिलिपिनो आणि दक्षिण आफ्रिकी शिक्षक आले. आता आपल्याकडची मुलंमुलीही जाऊ लागली आहेत.

त्यात गैर काहीच नाही. बी.एड. करून तासिका तत्त्वावर वर्षं काढणाऱ्या, भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना मी दोष देणार नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं. प्राथमिकला ते सहा हजारांचं सोळा हजार झालं. पण त्यासाठीही आधी जागा निघावी लागते. अशा वेळी बँकॉकच्या शाळेची जाहिरात गोड वाटणारच.

ती जाहिरात खोटीच असते, असंही नाही. अनेकदा शाळा खरी असते, मुलं खरी असतात, पहिले दोन-तीन महिने पगारही हातात पडतो. खोट असते ती एका वाक्यात. एजंट म्हणतो, "आत्ता टुरिस्ट म्हणून जा. तिथं पोचलात की वर्क परमिट होऊन जाईल."

आमच्या समाजात, विशेषतः कोकणातल्या घरांत, या वाक्याची ओळख जुनी आहे. माझ्या नात्यागोत्यात आखातात कमवायला गेलेली माणसं पुष्कळ. तिथं 'आझाद व्हिसा' नावाचा एक प्रकार चालत आला. कागदावर एक कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक, आणि प्रत्यक्ष काम मात्र दुसऱ्याच कुणाकडे. नाव आझाद, पण तो व्हिसा घेऊन राहणाऱ्याइतका बांधलेला माणूस दुसरा नाही. ज्याच्याकडे राबतो तो म्हणतो, 'तू माझा नाहीस.' ज्याच्या नावावर आला तो अधूनमधून पैसे मागतो. पोलीस दिसला की गल्ली बदलायची. पूर्वी हा फटका गवंड्याला, सुताराला, ड्रायव्हरला बसायचा. आता तो पदवीधर शिक्षकाच्या दाराशी आला आहे.

थायलंडचंच उदाहरण घेऊ. मुंबईहून विमानानं चार-साडेचार तासांवरचा देश. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या देशानं भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट माफ केली आणि जाणं आणखी सोपं झालं. पण दार उघडलं ते पाहुण्यासाठी. पाहुण्यानं घर बघावं, जेवावं, दोन दिवस राहावं. त्यानं तिथं दुकान मांडलं, तर तो पाहुणा राहत नाही. पर्यटक म्हणून प्रवेश मिळणं आणि काम करण्याची परवानगी मिळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

थायलंडच्या शाळेत कायदेशीरपणे शिकवायचं तर साधारण चार कागद लागतात आणि ते चार वेगळ्या ठिकाणांहून येतात. पहिला, नोकरीसाठीचा 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा. शाळेनं दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे तो थायलंडच्या वकिलातीकडून मिळतो आणि सुरुवातीला नव्वद दिवस राहता येतं. दुसरा, कामाचा परवाना. तो तिथल्या श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतलं रोजगार खातं देतं. तिसरा, पुढच्या वास्तव्याची मुदतवाढ. ती इमिग्रेशन पोलिसांकडे. आणि चौथा, शिक्षक म्हणून परवाना किंवा तात्पुरती सूट. ती देणाऱ्या संस्थेचं नाव 'खुरुसफा'. हा शब्द आपल्याला परका वाटेल, पण तो आपलाच आहे : गुरुसभा. खासगी भाषावर्गांना ही चौथी अट लागू नसते. नेहमीच्या शाळांना असते.

आता एजंटच्या वाक्यात थोडं सत्य असतं, हेही सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास का बसतो ते कळणार नाही. काही परिस्थितीत थायलंडमध्ये राहूनच पर्यटकाच्या प्रवेशाचं रूपांतर नोकरीच्या व्हिसात करून घेता येतं. मुदतीचे पुरेसे दिवस शिल्लक हवेत, शाळेचे कागद पूर्ण हवेत, पदवीचं प्रमाणीकरण झालेलं हवं. पण कामाचा परवाना हातात पडेपर्यंत वर्गात उभं राहून शिकवणं बेकायदाच. 'अर्ज केला आहे' म्हणजे परवाना नव्हे. एजंट नेमकं हेच सांगत नाही.

मग मुदत संपत आली की सुरू होतो 'व्हिसा रन'. शनिवारी पहाटे मिनीबसमध्ये बसायचं, कंबोडियाच्या किंवा लाओसच्या सरहद्दीपर्यंत जायचं, पलीकडे शिक्का, अलीकडे शिक्का, आणि सोमवारी पुन्हा वर्गात. अनेक वर्षं हे राजरोस चाललं. २०१४ मध्ये थायलंडनं असे फेरे मारणाऱ्यांना सरहद्दीवरून परत पाठवायला सुरुवात केली. २०१६ च्या अखेरीस जमिनीवरच्या नाक्यांवरून व्हिसाविना येण्याला वर्षातून दोन वेळांची मर्यादा घातली. पासपोर्टवर ओळीनं पडलेले ते शिक्के अधिकाऱ्याला सगळी हकीकत सांगतात.

पकडलं गेल्यास काय होतं? परदेशी कामगारांविषयीचा थायलंडचा कायदा २०१७ चा, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. परवान्याशिवाय काम करणाऱ्याला पाच हजार ते पन्नास हजार बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि नंतर दोन वर्षं कामाचा परवाना नाही. कामावर ठेवणाऱ्या मालकाला दर माणसामागे दहा हजार ते एक लाख बाट दंड. मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिल्याचा हिशेब वेगळा. मार्च २०१६ पासूनच्या नियमानुसार मुदत उलटल्यावर पोलिसांच्या हाती सापडलेल्याला, जादा वास्तव्य वर्षभराच्या आतलं असलं तरी, पाच वर्षं पुन्हा प्रवेश नाही. वर्षापेक्षा जास्त असेल तर दहा वर्षं.

रवानगी म्हणजे कुणी सन्मानानं विमानात बसवून देतं, असंही नाही. बँकॉकचं इमिग्रेशनचं कोठडीगृह सुआन फ्लू या भागात आहे. थाई भाषेत त्या नावाचा अर्थ पानमळा. नाव असं गारव्याचं, पण आतल्या गर्दीबद्दल मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. तिथून सुटायचं तर दंड भरावा लागतो आणि परतीचं तिकीटही सहसा स्वतःच्या पैशानं काढावं लागतं. ज्याचा दोन महिन्यांचा पगार अडकला आहे, त्यानं ते कुठून काढायचं?

चीनचा कायदा याहून कडक. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला पाच हजार ते वीस हजार युआन दंड होतो. प्रकरण गंभीर ठरलं तर जोडीला पाच ते पंधरा दिवसांची कोठडी. देशाबाहेर पाठवल्यास एक ते पाच वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांनी नीट लक्षात ठेवावी. चीनमध्ये परदेशी भाषा शिकवणारा शिक्षक ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा असावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षकाचा 'झेड' व्हिसा मिळणं कठीण. म्हणजे कुणी तुम्हाला चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी देत असेल आणि व्हिसा मात्र व्यापाराचा किंवा विद्यार्थ्याचा काढू म्हणत असेल, तर ती कायदेशीर नोकरी नाही, हे तिथंच समजावं.

या देशांना एवढी कटकट कशासाठी हवी, असा प्रश्न पडतो. त्याचं एक कारण वर्गातल्या मुलांशी जोडलेलं आहे. २००७ मध्ये इंटरपोलनं एका माणसाचा फोटो जगभर प्रसिद्ध केला. लहान मुलांवर अत्याचार केल्याचा त्याच्यावर संशय होता. तो कॅनडाचा नागरिक निघाला आणि आशियातल्या देशांत इंग्रजी शिकवत फिरलेला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये तो थायलंडमध्ये पकडला गेला, पुढे तिथंच त्याला शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण कोरियानं परदेशी भाषाशिक्षकांना गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. आपल्या गावातल्या शाळेत कुणी अनोळखी माणूस कागद न दाखवता मुलांच्या वर्गात शिरला, तर आपण काय करू? ती आईबापंही तेच करतात.

पण दंड, कोठडी, बंदी हा या प्रकरणाचा दिसणारा भाग. पकडला न जाणाराही बरंच काही गमावतो, आणि माझ्या मते तेच मोठं नुकसान. समजा, कुणी पकडलं नाही. शाळेनं पगार थकवला. करार झाला होता वीस तासांचा, आता तीस तास घ्या म्हणाले. मार्चमध्ये सत्र संपायच्या तोंडावर 'पुढच्या वर्षी येऊ नका' सांगितलं. शिक्षक जाणार कुणाकडे? कुठल्याही कचेरीत गेला तरी पहिला प्रश्न एकच : तुमचा परवाना? तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. हे त्यालाही ठाऊक असतं आणि शाळेलाही. म्हणून तो गप्प बसतो. शिक्षकाचं हत्यार त्याचा आवाज. दिवसभर मुलांना बोलायला शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हक्काचं एक वाक्य मोठ्यानं म्हणता येत नाही.

आजारपणाचंही तेच. परवान्यानिशी काम करणाऱ्याला तिथल्या सामाजिक सुरक्षेचा किंवा खासगी शिक्षकांच्या कल्याण निधीचा आधार असतो. बिनपरवान्याच्या शिक्षकाचं नाव कुठल्याच यादीत नाही. फिरायला जातो म्हणून काढलेल्या प्रवासविम्यात नोकरीवरचे अपघात सहसा धरत नाहीत. आणि पुढचं आयुष्य? दोन वर्षं शिकवलं, पण त्या कामाचा अधिकृत दाखला नाही. उद्या कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरताना प्रश्न येतो : आपल्याला कधी कुठल्या देशातून बाहेर काढलं आहे का? खरं लिहिलं तर अडचण, खोटं लिहिलं तर त्याहून मोठी.

मधे आमच्या शेजारची एक मुलगी नोकरीचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. एम.ए., बी.एड. झालेली, दोन कनिष्ठ महाविद्यालयांत तासिकांवर शिकवणारी. "चाचा, यातलं इंग्रजी बरोबर आहे का, तेवढं बघा," म्हणाली. इंग्रजी अगदी बरोबर होतं. पगाराचा आकडा होता, शहराचं नाव होतं, रुजू होण्याची तारीख होती. शाळेचं नाव मात्र नव्हतं. त्या जागी 'आमची सहयोगी शैक्षणिक संस्था' असं होतं. व्हिसाच्या रकान्यात 'पर्यटक, नंतर बदल' असं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, "बेटा, या पत्रातल्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोध. पगार देईल कोण? व्हिसा बदलेल कोण? परवाना काढेल कोण, आणि किती तारखेपर्यंत?" तिनं तीच तीन वाक्यं ईमेलनं एजंटला विचारली. पहिल्याचं गोलमोल उत्तर आलं. दुसऱ्याला 'काळजी करू नका' आलं. तिसऱ्याचं उत्तर आलंच नाही. ती गेली नाही. तिच्या वडिलांनी त्या तिकिटासाठी आईच्या बांगड्या गहाण टाकायची तयारी केली होती, हे मला नंतर कळलं.

याच दारातून याहून वाईट ठिकाणीही रस्ता जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये चांगली नोकरी म्हणून इंग्रजी-संगणक जाणणाऱ्या तरुणांना बोलावायचं आणि सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबायचं, असे प्रकार उघड झाले होते. नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर जाऊ नका, असं मंत्रालयानं तेव्हाच सांगितलं. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधून परत आणावं लागलं. ती माणसं शिक्षक म्हणून गेली होती असं मी म्हणत नाही. पण पर्यटक म्हणून जा, बाकीचं तिथं होऊन जाईल, हे वाक्य दोन्हीकडे सारखंच आहे. समोर शाळा आहे की अड्डा, हे विमानात बसण्यापूर्वी ओळखायची खूण एकच : तुमच्या नावाचा, कामाचा, नोकरी देणाऱ्याच्या नावासकट असलेला व्हिसा.

आपल्याकडच्या कायद्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर तपासता येतो. त्यानं उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी ठरवून दिलेली आहे. दीड-दोन लाख मागणारा एजंट तिथंच उघडा पडतो. मात्र एक मेख आहे. दहावीच्या पुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरी लागत नाही. ठरावीक देशांत निघालेल्या कमी शिकलेल्या मजुराचा करार सरकारी अधिकारी बघतो, पण पदवीधराचा कुणी बघत नाही. सरकारनं असं धरलं आहे की शिकलेला माणूस स्वतः वाचेल. तेव्हा वाचायला हवं.

काय वाचायचं? नोकरी देणाऱ्या शाळेचं पूर्ण नाव आणि पत्ता. ती शाळा स्वतः नोकरी देते आहे की मधली कंपनी. व्हिसाचा प्रकार. कामाचा परवाना कोण काढणार, खर्च कुणाचा, आणि तो मिळेपर्यंत शिकवावं लागणार नाही, हे लेखी. शाळेच्या दूरध्वनीवर स्वतः बोलावं. तिथं आधीपासून शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाशी बोलावं. पदवीच्या प्रमाणपत्राचं प्रमाणीकरण आणि पोलिसांचा दाखला घरून निघण्यापूर्वीच करून ठेवावा, कारण परदेशात बसून ही कामं करणं कठीण. मूळ पासपोर्ट कुणाच्याही कपाटात 'जपून ठेवायला' देऊ नये. दाखवावा, नक्कल द्यावी आणि परत घ्यावा. नोकरी सुटली, तर तिच्या आधारावरचं वास्तव्यही संपतं, हे ध्यानात ठेवून परतीच्या तिकिटाचे पैसे कायम वेगळे ठेवावेत.

आणि कुणी अडकलंच, तर लपून राहण्यानं गुंता वाढतो. पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधता यावा, ही तरतूद १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. तसं स्पष्ट मागावं. आपल्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या माणसाला तिकीट, तात्पुरता निवारा, कायद्याची मदत त्यातून मिळू शकते. घरच्यांना इथून 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. शरम बाळगू नये. फसवणाऱ्याचा धंदा या शरमेवरच चालतो.

हे सगळं ऐकून कुणी जाण्याचा विचारच सोडावा, असं मला वाटत नाही. थायलंडच्या कायद्यात परदेशी माणसाला केस कापायला, पर्यटकांचा वाटाड्या व्हायला बंदी आहे, पण शिकवायला नाही. आपल्या बी.एड.ला तिथल्या गुरुसभेत वजन आहे. दक्षिण कोरियाशी २०१० मध्ये लागू झालेल्या आर्थिक करारात भारतीय शिक्षकांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद झाली, तीही पदवी आणि शिक्षकी पात्रता असलेल्यांसाठी. म्हणजे ज्या मुलांनी खरोखर शिकून घेतलं आहे, त्यांना चोरवाटेची गरज सगळ्यांत कमी. सरळ रस्त्याला चार-सहा महिने जास्त लागतील. तेवढे महिने इथंच, आपल्या घरी राहून, तासिका घेत काढावेत. परवाना हातात आला की मग जावं, आणि तिथल्या मुलांसमोर मोकळ्या आवाजात शिकवावं.